घरी ऑइल बदला, पण जुनं तेल कुठे देणार ते आधी सांगा



गाडीचं इंजिन ऑइल हा विषय या पानावर कशाला, असं काहींना वाटेल. मला तर हा स्वयंपाकघराइतकाच घरचा विषय वाटतो. गाडी आपल्या अंगणात उभी असते, अंगण आपण झाडतो, आणि अंगणातलं पाणी ज्या नालीत जातं ती नालीही रोज आपल्याच डोळ्यांसमोर असते. हल्ली बरीच मुलं मोबाइलवर बघून घरीच ऑइल बदलतात. माझा त्याला विरोध नाही, कौतुकच आहे. मजुरीचे पैसे वाचतात, आणि डब्यात आहे तेच तेल गाडीत गेलं याची खात्री राहते. पण जुनं तेल कोणाला देणार हे ज्याला आधी सांगता येत नाही, त्यानं गाडीखालचा बोल्ट खोलूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

काम तसं अवघड नाही. आमच्याकडे ते मुलगा करतो आणि मी ओट्यावर वही घेऊन बसते. बी.कॉम. केलं त्याला चाळीस वर्षं होऊन गेली, पण नावे-जमा लिहायची सवय काही गेली नाही. तारीख, किलोमीटर, किती लिटर नवं घातलं, किती लिटर जुनं निघालं, हे सगळं त्या वहीत असतं. लहान पेट्रोल गाडीला साधारण तीन-साडेतीन लिटर तेल लागतं, नेमका आकडा आणि तेलाचा प्रकार गाडीच्या पुस्तकात छापलेला असतो. तो बघितल्याशिवाय डबा आणू नये. गाडी वॉरंटीत असेल तर घरी हात लावण्याआधी कंपनीच्या अटीही वाचाव्यात.

आता सांडलवंड कशी टाळायची ते सांगते, कारण नव्वद टक्के घाण घाईमुळे होते. गाडी सपाट जागी घ्यावी, हँडब्रेक ओढावा, चाकांना मोठे दगड लावावेत. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही, कधीही जाऊ नये. यावर घरात वाद होऊ देऊ नका. मजबूत रॅम्प किंवा स्टँड नसेल तर ते काम आपलं नाही, गाडी सरळ गॅरेजला पाठवावी. गाडीखाली आधी मऊ कुंच्यानं झाडून घ्यावं. मुंग्यांची रांग असते, कधी मांजरीची पिल्लं असतात. मग जुना प्लास्टिकचा कागद, त्यावर बारदाना, आणि त्यावर पसरट टब. बादली नको, कारण तेलाची धार सुरुवातीला तिरकी येते आणि बादलीच्या तोंडाबाहेर पडते.

इंजिन चार-पाच मिनिटं चालवून बंद करावं, म्हणजे तेल कोमट होऊन नीट वाहतं. फार तापलेलं असेल तर हात भाजतो. वरचं झाकण उघडावं. खालचा बोल्ट बरोबर मापाच्या रिंग पान्यानं सैल करावा, आणि शेवटचे आटे हातानं फिरवताना बोल्ट वर दाबून धरावा. आटे सुटले की हात पटकन बाजूला. हातात मोजे हवेतच, कारण जुनं तेल पुन्हापुन्हा कातडीला लागणं चांगलं नाही. फिल्टर काढताना त्यावर एक जाड पिशवी चढवून तिच्यातच तो फिरवला की तेल हातावर आणि इंजिनावर न ओघळता पिशवीत पडतं. जुन्या फिल्टरची रबरी रिंग इंजिनाला चिकटून तर राहिली नाही ना, हे बोट फिरवून बघावं. ती राहिली आणि तिच्यावर नवा फिल्टर बसवला, की नवं तेल सगळं अंगणात येतं. नव्या रिंगेला तेलाचं बोट लावावं, फिल्टर हातानंच आवळावा. बोल्टला नवा वॉशर घालावा आणि तो बेतानं आवळावा, जोर दाखवून आटे खराब करू नयेत. तेल आधी थोडं कमीच घालावं, इंजिन मिनिटभर चालवावं, बंद करून थोडं थांबावं, फिल्टर-बोल्टखाली गळती बघावी, आणि मग डिपस्टिक बघून उरलेलं घालावं. चुकून थेंब पडलेच तर त्यावर भुसा टाकावा. पाणी अजिबात नाही. पाण्यानं डाग जात नाही, तो फक्त नालीपर्यंत पोहोचतो.

इथपर्यंत मोबाइलवरही सांगतात. खरं काम यापुढे आहे, आणि तिथे मोबाइल गप्प बसतो.

टबात तीन लिटर काळं तेल आहे. त्याचं काय? अमेरिकेची पर्यावरण संस्था सांगते की एका वेळच्या ऑइल बदलातलं जुनं तेल दहा लाख गॅलन गोडं पाणी खराब करू शकतं. म्हणजे आपल्या हिशोबानं जवळजवळ ३८ लाख लिटर. ज्या जिल्ह्यात उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते तिथे हा आकडा मला झोप येऊ देत नाही. आपल्या गावांतल्या नाल्या उघड्या आहेत. त्या नाल्याला मिळतात आणि नाले पुढे नळगंगेला, पैनगंगेला. जमिनीत जिरलेलं काळ्या खडकाच्या भेगांतून कोणाच्या विहिरीत उतरेल ते सांगता येत नाही. २०१८ साली भारतीय जैन संघटनेनं सुजलाम सुफलाममध्ये जेसीबी, पोकलेन लावून आपल्याच जिल्ह्यातले तलाव गाळमुक्त केले. त्या तलावांत आपल्याच अंगणातलं तेल गेलेलं चालेल का?

आपल्याकडे जुन्या तेलाचे ‘उपयोग’ही खूप सांगितले जातात. वाळवी लागू नये म्हणून दाराच्या चौकटीला लावतात, सेंट्रिंगच्या पाट्यांना लावतात, खरूज झालेल्या कुत्र्याला फासतात. ते मुकं जनावर स्वतःला चाटतं, म्हणजे ते विष त्याच्या पोटातच जातं. आणि डास होऊ नयेत म्हणून साचलेल्या पाण्यात जळक्या तेलाचे गोळे टाकतात. डासांची अंडीच होऊ नयेत म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, भांडी-टाक्या रिकाम्या करा, असं आरोग्य खातं कधीपासून सांगतंय. ते कोणी मनावर घेत नाही, कारण गोळा टाकणं सोपं. तेलाच्या थराखाली डबक्यातला प्रत्येक जीव गुदमरतो. याला शास्त्रात प्रमादचर्या म्हणतात, अनर्थदंडातली. गरज नसताना, निव्वळ बेफिकिरीनं केलेली हिंसा.

माझ्या सासूबाई विहिरीचं पाणी दुहेरी कापडानं गाळायच्या आणि गाळण्यावरची जिवाणी त्याच विहिरीत हळूच सोडून यायच्या. दुसऱ्या विहिरीत नाही, मोरीत तर नाहीच. जे जिथून आलं तिथे त्याला नीट पोहोचवायचं, ही शिस्त आपल्या बोटांत आहे. तेलाचंही तसंच व्हायला हवं. तेल झिजून संपत नाही, ते फक्त मळतं. त्याचं शुद्धीकरण करून पुन्हा वंगण बनवणारे कारखाने आहेत. २०१६ च्या घातक कचरा नियमांत वापरलेलं तेल येतं, आणि १ एप्रिल २०२४ पासून तर तेल बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवरच ते परत गोळा करून शुद्धीकरणाला पाठवण्याची जबाबदारी टाकली आहे. कागदावर सगळं आहे. आपल्या तालुक्यात मात्र ते तेल घ्यायला कोणी दारात येत नाही.

म्हणून घरात एवढं तरी करावं. थंड झालेलं तेल नरसाळ्यानं नव्या तेलाच्या रिकाम्या डब्यातच ओतावं. गोड्या तेलाच्या किंवा पाण्याच्या बाटलीत कधीच नको, लेकरं घरात असतात. डब्यावर ‘जुनं ऑइल’ असं मोठ्या अक्षरांत लिहावं. त्यात पाणी, पेट्रोल, कूलंट मिसळू नये, नाहीतर ते शुद्धीकरणाच्या कामाचं राहत नाही. फिल्टर रात्रभर पालथा ठेवून निथळू द्यावा. आणि वहीत लिटर जुळवावेत. थोडं इंजिनात जळतं, थोडं फिल्टरमध्ये राहतं. पण तीन लिटर घातलं होतं आणि दोनच निघालं, तर एक तर इंजिन तेल खातंय, नाहीतर जमिनीनं प्यायलं.

मग तो डबा मोठ्या सर्व्हिस सेंटरला द्यावा, आणि देताना विचारावं, ‘भाऊ, तुमचं बॅरल कोण नेतं? त्याची नोंदणी आहे का?’ एका गॅरेजवाल्यानं मला हसून सांगितलं, ‘काकू, सेंट्रिंगवाला नेतो.’ आम्ही डबा परत घरी आणला. पुढच्या वेळी जिल्ह्याच्या गावी जायचं होतं तेव्हा सोबत नेला. दोन महिने तो जिन्याखाली पडून होता, पण नालीत तर गेला नाही.

आता मुद्द्याचं बोलते. आपल्यातल्या कितीतरी घरांची ऑटो पार्ट्सची आणि ऑइलची दुकानं आहेत. डबा विकून नफा आपण घेतो, तर रिकामा झालेला डबा भरून परत आला की तो घ्यायलाही आपणच पुढे यायला हवं. बहिणीच्या मुलाला हे बोलले तर तो म्हणाला, ‘मावशी, चार डब्यांसाठी नोंदणीवाला माणूस कशाला येईल?’ बरोबर आहे त्याचं. एका दुकानासाठी नाही येणार. पण बाजारातल्या आठ-दहा दुकानांनी मिळून एक बॅरल ठेवलं, आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे अधिकृत संकलकाची चौकशी केली, तर त्याला खेप परवडेल. ज्यांच्या घरी असं दुकान आहे त्या मैत्रिणींनी आज रात्री जेवताना विषय काढावा. मृगाच्या आधी ठरलं तर बरं, कारण पावसात सांडलेलं तेल भुशालाही आवरत नाही.