उशिराचे पत्र आणि आपले विद्यार्थी

लातूरच्या आडतीत तुरीचा भाव आता केवळ औसा-निलंग्याच्या पिकावर ठरत नाही. मोझांबिक, मलावी, म्यानमारची तूर देशात किती उतरते, यावरही तो हलतो. मोझांबिकशी भारताने तुरीचा करार केला २०१६ मध्ये. वसमत-नांदेडच्या हळदीचा प्रवास उलटा, इथून परदेशी. या व्यवहारातला पत्रव्यवहार बहुतेक इंग्रजीत चालतो. पण मोझांबिकची राजभाषा पोर्तुगीज, म्हणजे इंग्रजी दोन्ही टोकांना परकीच. अशा पत्रासाठी आपला बी.कॉम.चा विद्यार्थी तयार नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. व्याकरण हे त्याचे मुख्य कारण नव्हे.

समजा, हळदीच्या कंटेनरला आठवडाभर उशीर होणार आहे. विद्यार्थी आधी नमस्कार-चमत्कार लिहितो, मग फर्मची परंपरा, मग ‘अपरिहार्य कारणे’, शेवटी सहकार्याची नम्र विनंती. माल कधी निघणार, ते कुठेच नाही. तहसील कार्यालयातल्या अर्जाला हा क्रम चालून जातो. आपली मुले तोच लहानपणापासून गिरवतात. हॅम्बुर्गच्या नव्या खरेदीदाराला मात्र पहिल्याच ओळीत नवी तारीख हवी असते. तीही महिन्याच्या नावासह, कारण ०५/०६ हे अमेरिकेत ६ मे होते. आणि दुबईतल्या जुन्या, घरोब्याच्या व्यापाऱ्याला तेच दोन ओळींचे कोरडे पत्र तुटक वाटू शकते. समोर कोण आहे, हे ओळखूनच मजकूर ठरवावा लागतो.

लातूर पॅटर्नने मराठवाड्यातल्या मुलांना मोठे यश दिले, त्याचा आम्हाला अभिमान आहे. पण ते यश उत्तर आधीच ठरलेल्या परीक्षांतले. पत्राला उत्तरसूची नसते, आणि आपण मात्र त्यालाही साचा पाठ करायला लावतो. पत्ता डावीकडे की उजवीकडे, यावर गुण जातात. माल एफओबी की सीआयएफ, म्हणजे जहाजाचे भाडे कोण भरणार, हे पत्रात आलेच नाही तरी चालते! वाणिज्यचे प्राध्यापक ते इंग्रजीवर सोडतात आणि इंग्रजीचे वाणिज्यवर. मधल्या मध्ये मुलांचे नुकसान होते, आणि ते आपण थांबवू शकतो.

दोन्ही विभागांनी एकत्र बसून मोंढ्यातल्या आणि एमआयडीसीतल्या निर्यातदारांकडून, नावे व दर झाकलेली, खरी पत्रे मागावीत. परीक्षेत उशीर एकच ठेवून दोन वेगळ्या खरेदीदारांना दोन पत्रे लिहायला सांगावीत, आणि त्यांत फरक का केला, याचे चार ओळींचे स्पष्टीकरण मराठीत लिहू द्यावे. निम्मे गुण त्या स्पष्टीकरणाला असावेत. स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठाच्या अभ्यासमंडळांवर आपल्यापैकी जे आहेत, त्यांनी हा प्रस्ताव पुढच्या बैठकीत ठेवावा. तोवर अंतर्गत मूल्यमापनात कोणाचीही आडकाठी नाही. असे प्रश्न तयार करणाऱ्यांनी ते आमच्याकडे पाठवावेत. निवडक प्रश्न आम्ही छापू.