सदतीस किलोमीटरची अनास्था

आषाढी वारीत ज्ञानोबा माउलींची पालखी लोणंदहून निघते, तरडगावला विसावते आणि दुसऱ्या दिवशी फलटणला पोहोचते. लाखो वारकरी हे अंतर टाळ-मृदंगाच्या गजरात दोन दिवसांत पायी कापतात. भारतीय रेल्वेला मात्र तेच अंतर कापायला बावीस वर्षे लागली! लोणंद–फलटण–बारामती हा लोहमार्ग १९९७-९८ साली मंजूर झाला आणि त्यातल्या लोणंद–फलटण या २६ किलोमीटरच्या तुकड्यावर प्रवासी गाडी धावायला २०१९ उजाडले. पुढचा फलटण–बारामती हा ३७ किलोमीटरचा तुकडा अजूनही प्रवाशांच्या वाट्याला आलेला नाही. भूसंपादन, मोजणी, हरकती, निधी, पुन्हा मोजणी... सरकारी दिरंगाईचे सगळे मुक्काम या मार्गाने घेतले, फक्त मुक्कामी पोहोचणे तेवढे राहिले.

याच काळात पुण्यात काय घडले? डिसेंबर २०१६ मध्ये पुणे मेट्रोचे भूमिपूजन झाले. मार्च २०२२ मध्ये तिची पहिली गाडी धावली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये ती भुयारातून स्वारगेटला पोहोचली. सुमारे ३३ किलोमीटरच्या या पहिल्या टप्प्याचा मंजूर खर्च होता ११ हजार ४२० कोटी रुपये. मुठेच्या पात्राखालून बोगदे खणण्यासह हे सारे काम आठ वर्षांच्या आत पार पडले. पुणेकरांना मेट्रोची गरज होती, हे कोणी नाकारणार नाही. पण इच्छाशक्ती असली की काय होऊ शकते, याचा हा पुरावा आहे. मग प्रश्न असा उरतो की, ही इच्छाशक्ती दिवेघाट ओलांडला की कुठे हरवते?

यावर नियोजनकारांचे उत्तर ठरलेले असते. ‘जिथे माणसे तिथे रेल्वे. २०११ च्या जनगणनेनुसार पुणे महापालिकेची लोकसंख्या ३१ लाखांवर आणि फलटण शहराची जेमतेम ५२ हजार. मर्यादित पैसा पन्नास हजारांसाठी खर्च करायचा की तीस लाखांसाठी?’ युक्तिवाद वरकरणी बिनतोड आहे. पण पुण्याची ही लोकसंख्या आली कुठून? ती आभाळातून पडली नाही. फलटण, माण, खटाव, इंदापूर, दौंड येथल्या घराघरांतून शिकलेली मुले एस.टी.त बसून पुण्याला गेली आणि कात्रज-धायरीच्या दोन खोल्यांत कायमची अडकली. जिथे माणसे तिथे रेल्वे, आणि जिथे रेल्वे तिथे पुन्हा माणसे, हे चक्र कुठेतरी तोडले नाही, तर उद्या कितीही मेट्रो बांधल्या तरी त्या अपुऱ्याच पडणार.

दुसरा आक्षेप असा की, फलटणच्या गाडीला प्रवासी कुठे आहेत? या आक्षेपाचे उत्तर वेळापत्रकात सापडते. मार्च २०२१ मध्ये पुणे–फलटण डेमू सुरू झाली, तेव्हा तिची रचना काय होती? पहाटे पुण्याहून निघायचे आणि सायंकाळी फलटणहून परतायचे, एका बाजूचा प्रवास साडेतीन तासांहून अधिक. सुरवडीच्या कारखान्यांकडे येणाऱ्या एखाद्या पुणेकराला ती उपयोगी पडली असेलही. पण सकाळी पुण्याला जाऊन रात्री घरी परतू पाहणाऱ्या फलटणच्या विद्यार्थ्याला, नोकरदाराला, रुग्णाला तिचा उपयोग शून्य! उलट्या दिशेची एकच गाडी सोडायची आणि मग ‘मागणीच नाही’ म्हणून हात झटकायचे, हे म्हणजे विहिरीला पोहरा न देता गावाला तहान नाही असे ठरवण्यासारखे आहे.

खरे तर नकाशा समोर ठेवला तर उत्तर शाळकरी मुलालाही दिसेल. पुणे–दौंड लोहमार्ग आहे. दौंड–बारामती आहे. पुणे–जेजुरी–नीरा–लोणंद आहे. लोणंद–फलटण आता झाला. पुण्याच्या आग्नेयेला एक संपूर्ण लोहवर्तुळ जवळजवळ तयार आहे. तुटलेला दुवा आहे तो फक्त फलटण–बारामती! तो जोडला की दोन्ही दिशांनी फिरणाऱ्या गाड्यांवर अर्धा डझन गावे पुण्याशी आणि, त्याहून महत्त्वाचे म्हणजे, एकमेकांशी बांधली जातील. सपाट मुलखातल्या या मार्गाचा दर किलोमीटरचा खर्च उन्नत मेट्रोच्या पासंगालाही पुरणार नाही.

आता दाट वस्तीच्या धोरणाकडे पाहू. पुण्यात मेट्रो स्थानकांभोवतीच्या ५०० मीटरच्या परिसरात चारपर्यंत चटईक्षेत्र निर्देशांक देण्याचे धोरण आले. जिथे रस्ते आधीच गुदमरले आहेत, पाण्याचे टँकर सोसायट्यांच्या दारात रांगा लावतात, तिथेच आणखी मजले चढवायचे! गर्दीची क्षमता न वाढवता गर्दी वाढवली की काय होते, हे मुंबईने २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर पाहिले. चेंगराचेंगरीत तेवीस जीव गेले, आणि नवा पूल त्यानंतर आला. वरातीमागून घोडे ते हेच.

याउलट फलटणला दाट वस्तीची खरी गरज आहे, आणि तीही शेती वाचवण्यासाठी. नीरा उजव्या कालव्याने या दुष्काळी पट्ट्याचा एक भाग हिरवा केला. आज त्याच बागायतीत प्लॉटिंगचे दगड रोवले जात आहेत. लोणंद, फलटण आणि बारामतीच्या स्थानकांपासून चालत जाण्याच्या अंतरात तीन-चार मजली आखीव वस्ती झाली, तर ऊस-डाळिंबाची जमीन वाचेल आणि पाणी, सांडपाणी, शाळा यांची सोयही आवाक्यात राहील. मात्र हा आराखडा गाडीच्या आधी हवा. नाहीतर स्थानकाभोवतीची जमीन कोणाच्या नावावर आधीच फिरलेली असेल, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

पैशाचे रडगाणेही पटणारे नाही. १९९२ मध्ये मानखुर्दची लोकल वाशीला पोहोचली, तेव्हा त्या मार्गाचा दोनतृतीयांश भार सिडकोने उचलला होता आणि जमिनीचे वाढते मोल त्याच्या मदतीला होते. हडपसरच्या मगरपट्ट्यात शेतकऱ्यांनी जमिनी विकून देशोधडीला लागण्याऐवजी त्या एकत्र केल्या आणि नगर उभारून त्यात भागीदार झाले. ही दोन्ही उदाहरणे महाराष्ट्राच्याच मातीतली आहेत. फलटण–बारामतीच्या शेतकऱ्याला केवळ ‘बाधित’ न मानता भागीदार मानले असते, तर भूसंपादनाचा गुंता कदाचित केव्हाच सुटला असता.

नीरेच्या दोन्ही काठांनी महाराष्ट्राला मातब्बर नेते दिले. १९९७ पासून आजवर केंद्रात आणि राज्यात जवळजवळ सर्वच प्रमुख पक्षांनी सत्ता उपभोगली. म्हणून या दिरंगाईचे खापर एकाच डोक्यावर फोडून कोणाला सुटता येणार नाही. प्रत्येक निवडणुकीत रेल्वे आली. निवडणूक सरली की रूळ गेले.

म्हणूनच आता मागणी नेमकी हवी. फलटण–बारामतीच्या पूर्ततेची तारीख जाहीर व्हावी. फलटणहून सकाळी पुण्याकडे आणि सायंकाळी परत अशी वेगवान गाडी कायम असावी. स्थानकांभोवतीचे विकास आराखडे आत्ताच निश्चित व्हावेत. आणि हे होईपर्यंत पुण्यातल्या प्रत्येक नव्या मेट्रो मार्गिकेच्या घोषणेला एकच प्रश्न विचारला जावा : त्या सदतीस किलोमीटरचे काय झाले?

महाराणी सईबाईंचे हे माहेर. शिवकाळात इथली पागा पुण्यापर्यंत दौडत जाई. आज इथला तरुण तिथे पोहोचण्यासाठी बसस्थानकावर ताटकळत उभा आहे. त्याला पुण्यात घर नको आहे. रात्री आपल्या घरी परतता यावे, एवढेच त्याचे मागणे आहे.