जंबिलीचे वजन किती?

मागच्या रविवारी आपांकडे घाटकोपरला जेवायला गेलो, तर घरात नानी-नातवाचा अबोला चाललेला. कारण विचारले तेव्हा अम्मी उसळूनच म्हणाल्या, "अमर अय्यारच्या जंबिलीला कधी माप असतं का? हा म्हणतो, सव्वादोनशे किलोच मावतं!"

भाचा सातवीत आहे. मित्राकडून त्याने 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'चे जाडजूड पुस्तक आणले होते. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी हा खेळ 1974 साली अमेरिकेत काढला. एक जण किस्सा सांगतो, बाकीचे त्यातली पात्रे होतात, आणि जिथे काय होईल ते सांगता येत नाही तिथे फासा टाकतात. फाशाचे नाव निघताच आपांच्या कपाळाला आठी पडली. पैसे लावत नाहीत ना, हे आम्ही आधी विचारून घेतले. पुढचा मसला मौलानांना विचारावा, हे सदर त्यासाठी नाही.

जेवण व्हायचे होते म्हणून पुस्तक चाळत बसलो. त्यात दोन प्रकारचा मजकूर असतो. एक रंग भरणारा: अमुक जमात कुठे राहते, कशाला भिते. दुसरा हिशेबाचा. जादूच्या थैलीत 500 पौंड सामान मावते, आणि कितीही भरली तरी थैली उचलायला 15 पौंडच. आत जिवंत माणूस कोंबला तर त्याला 10 मिनिटे पुरेल एवढीच हवा. दोघे असले तर पाच मिनिटे.

अम्मींच्या जंबिलीत असला हिशेब नाही. दास्तान-ए-अमीर हमजातला अमर अख्खा दरबार लुटून तिच्यात टाकतो आणि चालू लागतो. लहानपणी आम्हीही ते तोंड उघडे ठेवून ऐकले आहे. मग मुलाचे चुकले का? आम्हाला तसे वाटत नाही. ऐकणाऱ्याला माप लागत नाही, पण स्वतः अमर व्हायचे असेल तर काय घ्यावे आणि काय टाकावे हे ठरवावे लागते. मात्र नुसते आकडे उरले तर ते रेशनचे दुकान होईल. वर्गात आम्हीच वृत्त शिकवताना मात्रा मोजायला लावतो आणि कविता तशीच राहून जाते, ते असेच.

आपल्याकडचा गंजिफा पाहा. बाबराने 1527 मध्ये सिंधच्या शाह हसनला गंजिफाची पाने पाठवली होती. मुघल गंजिफात 8 रंग आणि 96 गोल पाने. ताज, शमशेर, गुलाम असे ते रंग. सावंतवाडीला तोच खेळ दशावतारांच्या चित्रांत रंगवला गेला, तेव्हा 10 रंग आणि 120 पाने झाली. चित्रे पार बदलली, पण प्रत्येक रंगात राजा, वजीर आणि एक ते दहा ही मांडणी तशीच राहिली. आणि एक गंमत: मुघल डावात दिवसा सोन्याच्या नाण्याचा, म्हणजे सुर्ख रंगाचा राजा असलेला सुरुवात करतो, रात्री चांदीच्या सफेदचा. एक सूर्य, दुसरा चंद्र. इथे चित्रातूनच नियम निघाला आहे.

हे सगळे अम्मींना सांगून उपयोग नव्हता. म्हणून भाच्याला विचारले, "अमर दुश्मनाला बेहोश करून जंबिलीत टाकतो. तुझ्या पुस्तकाप्रमाणे मग?"

"दहा मिनिटं, मामू. मग गुदमरेल."

अम्मी तसबीह बाजूला ठेवत म्हणाल्या, "दहा मिनिटांत तर तो किल्ल्याच्या दरवाज्यापर्यंतसुद्धा पोचायचा नाही."

"मग मध्येच बाहेर काढावं लागेल, नानी."

"पहाऱ्यावर शिपाई असताना?" अम्मींनी जरा विचार केला. "अमर म्हातारीचा वेश घेईल. म्हणेल, हा माझा मुलगा, बुखार चढलाय, हकीमाकडे नेते."

"शिपायानं मानलं का, ते फाशावर ठरेल."

"मानेल तर! अमर आहे तो."

आपांनी दोनदा जेवायला हाक मारली. आम्ही एकटेच उठलो.