आधी पाण्याची तपासणी, मग फिल्टर

"आमच्या विहिरीचं पाणी एकदम गोड आहे, डॉक्टर. आजोबांच्या काळापासून पितोय." घरात दोघा-तिघांना जुलाब लागले आणि पाण्याबद्दल विचारलं की हे उत्तर हमखास मिळतं. पाणी गोड असेलही. पण त्यातल्या नायट्रेटला ना रंग, ना वास, ना चव. फ्लोराईडचंही तेच. जंतू तर डोळ्यांना दिसतच नाहीत.

गावच्या नळयोजनेच्या पाण्यात निदान टीसीएल पावडर पडते, त्याचे नमुने प्रयोगशाळेत जातात आणि सर्वेक्षणानुसार ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. या व्यवस्थेत त्रुटी आहेत, पण व्यवस्था तरी आहे. तुमच्या मळ्यातली विहीर किंवा अंगणातली बोअर यात सहसा येत नाही. ती तुमची खाजगी, म्हणून तिची काळजीही तुमचीच. आणि इथेच बहुतेकजण एक पायरी गाळतात: तपासणी न करता थेट फिल्टर विकत घेतात.

फिल्टर विकणारा माणूस खिशातून पेनासारखा टीडीएस मीटर काढतो. कधी दोन सळ्यांचं यंत्र पाण्यात बुडवून वीज सोडतो आणि तुमचं पाणी तपकिरी होतं. घरातले हादरतात. तो रंग बहुतांशी त्या सळीच्याच विरघळलेल्या लोखंडाचा असतो. आरओच्या पाण्यात क्षार कमी, वीज कमी वाहते, म्हणून ते स्वच्छ राहिल्यासारखं दिसतं. ही तपासणी नव्हे, हातचलाखी आहे. टीडीएस मीटर एकूण विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो, कोणता क्षार किती ते सांगत नाही. ३०० टीडीएसच्या पाण्यातही नायट्रेट धोकादायक असू शकतं, आणि ९०० टीडीएसचं पाणी नुसतंच जड असू शकतं, ज्यात डाळ शिजत नाही एवढाच त्रास. जंतूंबद्दल तर हा मीटर काहीच बोलत नाही.

मला सर्वात जास्त काळजी नायट्रेटची वाटते. शेतातला युरिया, गोठा, उकिरडा, संडासाचा शोषखड्डा यांतून ते झिरपत भूजलात उतरतं. विदर्भ-मराठवाड्यातल्या अनेक जिल्ह्यांत भूजलाचे नमुने मर्यादेबाहेर निघतात. आपल्याकडच्या मानकानुसार, म्हणजे आयएस १०५०० नुसार, पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नायट्रेट नको. मोठ्या माणसाला थोडं जास्त गेलं तर लगेच काही जाणवत नाही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाची गोष्ट वेगळी. त्याच्या पोटात नायट्रेटचं नायट्राइट होतं आणि ते रक्तातल्या हिमोग्लोबिनची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद काढून घेतं. ओठ, नखं निळसर-करडी पडतात, रक्त चॉकलेटी दिसतं, आणि वेळेत उपचार झाले नाहीत तर बाळ दगावू शकतं. १९४५ साली अमेरिकेतल्या आयोवा राज्यात हंटर कॉमली या डॉक्टरांनी अशा बाळांची नोंद केली, तेव्हा दोष निघाला तो शेतावरच्या खाजगी विहिरींचा.

हा आजार रोज दिसणारा नाही. पण यातली एक गोष्ट प्रत्येक आजीला माहीत हवी: पाणी उकळून नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटतं, नायट्रेट तेवढंच राहतं आणि त्याचं प्रमाण वाढतं. बाळासाठी म्हणून दहा मिनिटं खळखळ उकळलेलं पाणी पावडरच्या दुधात घालणारी आई मायेपोटीच ते करत असते. अंगावरच्या दुधातून मात्र नायट्रेट बाळापर्यंत फारसं पोहोचत नाही. सहा महिने फक्त अंगावर पाजा, वरचं पाणीसुद्धा देऊ नका, असं आम्ही सांगतो त्याला हेही एक कारण आहे.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे. बाई गरोदर आहे हे कळलं की आपण तिचं रक्त आणि लघवी तपासतो. त्याच आठवड्यात ती पिते त्या विहिरीचं पाणीही तपासायला जायला हवं. बाळ यायला अजून काही महिने असतात. तेवढ्यात दुसऱ्या पाण्याची सोय करता येते.

फ्लोराईडची बाब वेगळी. ते खडकातून येतं, आणि दुष्काळात आणखी खोल मारलेल्या बोअरमध्ये बऱ्याचदा जास्त सापडतं. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड भागातल्या वाचकांना मुलांच्या दातांवरचे खडूसारखे पांढरे किंवा तपकिरी पट्टे ओळखीचे असतील. ते घासून जात नाहीत. लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत ठीक, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत. वर्षानुवर्षं त्याहून जास्त गेलं तर सांधे आणि पाठ आखडते, आणि ते पूर्ववत करणारं औषध आमच्याकडे नाही.

तपासणी अवघड नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत खाजगी नमुनेही माफक शुल्कात घेतले जातात. रासायनिक तपासणी वर्षातून एकदा आणि जंतूंची दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, एवढं पुरे. नवीन बोअर मारली, विहिरीत पुराचं पाणी शिरलं किंवा जवळ शोषखड्डा खोदला गेला, तर लगेच करा. जंतूंसाठी बाटली प्रयोगशाळेतूनच निर्जंतुक केलेली घ्या. तोंडाला बोट लावू नका. मोटर काही मिनिटं चालू ठेवून मग नमुना भरा आणि बर्फात ठेवून त्याच दिवशी पोहोचवा. सकाळी भरून संध्याकाळपर्यंत गाडीच्या डिकीत तापलेल्या नमुन्याचा काही उपयोग नाही.

अहवाल आला की मग फिल्टरचं बोलू. फक्त जंतू निघाले तर क्लोरिन किंवा उकळणं भागतं, शोषखड्डा विहिरीपासून किमान १५ मीटर लांब हवा, आणि महागड्या आरओची गरज नाही. नायट्रेट किंवा फ्लोराईड निघालं तर यूव्ही आणि कँडल फिल्टर दोन्ही निरुपयोगी. तिथे आरओ कामाचा, पण बसवल्यावर त्यातून येणारं पाणीही एकदा तपासून घ्या.