गिगाहर्ट्झ नको, वॅट विचारा!
लॅपटॉप घ्यायला गेलं की आपला पहिला प्रश्न ठरलेला, 'किती गिगाहर्ट्झ?' खरं तर 'किती वॅट?' हेही विचारायला हवं. प्रोसेसर जास्त पळवायचा तर व्होल्टेज वाढवावं लागतं. आणि व्होल्टेज दुप्पट केलं तर त्याच वेगालाही वीज चौपट लागते. इंटेलने २००४ मध्ये ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ रद्दच केला. ॲपलच्या २०२०च्या एम१ चिपमध्ये चार कोअर वेगवान, चार काटकसरी. हलकी कामं काटकसरी कोअरकडे. ही चिप असलेला मॅकबुक एअर पंख्याशिवाय चालतो! गेमिंग, व्हिडीओ एडिटिंगवाल्यांनी वेग जरूर घ्यावा. पण नोट्स, असाइनमेंट आणि सिनेमे एवढंच करायचं, तर रोज लायब्ररीत चार्जर घेऊन प्लग शोधत फिरायची हौस कशाला?