दुष्काळाचा निर्णय ऑक्टोबरात होतो

मृग कोरडा गेला, आर्द्रांनीही पाठ फिरवली, की सत्ताधाऱ्यांची भाषणे ठरलेल्या वळणाने जाऊ लागतात. वरुणराजा रुसला, तेथे सरकार तरी काय करणार! त्याला आपले कार्यकर्ते त्वेषाने उत्तर देतात की, दुष्काळ हा मानवनिर्मितच आहे. हे उत्तर खरे आहे, परंतु अपुरे आहे. पाऊस कोठे आणि का कमी पडतो हे समजून घेतल्याखेरीज माणसाचा अपराध नेमका कोठे सुरू होतो, हे आपणांस दाखविता येणार नाही.

अरबी समुद्रावरून येणारे बाष्पयुक्त वारे सह्याद्रीला अडतात, वर चढून थंड होतात आणि आपले पाणी कोकणात व घाटमाथ्यावर रिते करतात. पूर्वेकडे उतरताना तेच वारे तापतात व कोरडे होतात. म्हणून महाबळेश्वरी वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि त्याच सातारा जिल्ह्यात, शंभर किलोमीटरच्या आत, माण तालुक्याच्या वाट्याला पाचशेच्या आसपासच येतो. सांगोला, जत, आटपाडी यांची कथा निराळी नाही. या पट्ट्याची भिस्त असते ती बंगालच्या उपसागरावरून सरकत येणाऱ्या कमी दाबाच्या क्षेत्रांवर आणि उत्तरा-हस्ताच्या पावसावर. हस्त रिकामा गेला की रब्बीची ज्वारी संकटात आलीच. त्यातच प्रशांत महासागराचे पाणी तापून ‘एल निनो’ अवतरला, तर मान्सून दुबळा होण्याचा संभव वाढतो. १९७२ आणि २०१५ ही वर्षे तशीच होती. मात्र १९९७ चा एल निनो अतिशय प्रबळ असूनही देशात पाऊस सरासरीइतका झाला. तेव्हा अवर्षणाचे वर्ष आधी निश्चित सांगता येत नाही. त्याचा प्रदेश मात्र सांगता येतो.

जे संकट कोठे कोसळणार हे ठाऊक आहे, त्याला आकस्मिक कसे म्हणावे? १९७३ मध्ये सुखठणकर समितीने अवर्षणप्रवण तालुके निश्चित केले. १९८७ मध्ये सुब्रह्मण्यम समितीने आणि १९९९ मध्ये चितळे आयोगाने तोच विषय पुन्हा तपासला. उणीव ज्ञानाची नाही. राज्यातील लागवडीखालील क्षेत्राच्या चार टक्क्यांच्या आसपास असलेला ऊस सिंचनाच्या पाण्यापैकी सुमारे सत्तर टक्के पाणी पितो, हे केंद्राच्या कृषिमूल्य आयोगानेच नमूद केले आहे. मांजरा खोऱ्यात कारखाने उभे राहिले, ऊस वाढला; आणि एप्रिल २०१६ मध्ये लातूरकरांना मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले. हा केवळ ढगांचा दोष म्हणावयाचा काय?

दुसरा मार्ग याच मातीत दिसला आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. पाणी जमिनीच्या प्रमाणात नव्हे, तर कुटुंबातील माणसांच्या प्रमाणात, भूमिहीनांनाही वाटा, आणि उसाला पाणी नाही, हे तिचे नियम होते. पाऊस तेवढाच होता, वाटणी बदलली होती.

आता आत्मपरीक्षणाचे दोन शब्द. आपले मोर्चे निघतात ते एप्रिल-मे मध्ये, हंडे घेऊन. वस्तुतः परतीचा पाऊस ऑक्टोबरात संपला की पुढले सात-आठ महिने भरवशाचा पाऊस नाही. धरणात किती पाणी आहे हे तेव्हाच कळून चुकते. त्यानंतर कालवा सल्लागार समितीची बैठक होते, आवर्तने ठरतात, आणि मे महिन्यात कोणाचा घसा कोरडा पडणार याचा निर्णय तेथेच होऊन जातो. त्या बैठकीच्या दाराशी आपण क्वचितच असतो. १९७३ च्या उन्हाळ्यात सुमारे पन्नास लाख माणसे दुष्काळी कामांवर खडी फोडत होती. त्यांच्या रेट्यातून रोजगार हमीचा कायदा आला, ही थोर कमाई होय. परंतु कामाचा हक्क मिळाला, पाण्याचा हक्क राहिलाच.

म्हणून कार्यकर्त्यांनी गावच्या पर्जन्यमापकाची नोंद ठेवावी, दिवाळीपूर्वी ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडावयास लावावा, आणि प्रथम माणसे व जनावरे, मग ज्वारी-बाजरी, उरले तर ऊस, हा क्रम आवर्तन ठरण्यापूर्वीच मागावा. सह्याद्री हलविता येणार नाही. कालव्याचे दार कोणासाठी उघडावे, हे मात्र माणसेच ठरवितात. त्या माणसांत आपण असले पाहिजे.