दमास्कसचे दोन दरवाजे

सिरियाच्या विजयाचा विषय निघाला की दोन प्रकारची माणसे हिरिरीने बोलू लागतात. पहिला म्हणतो, "बघा, इस्लाम तलवारीच्या जोरावरच पसरला." दुसरा आपल्यातलाच असतो. हजरत खालिद बिन वलीद (रजि.) यांच्या तलवारीचे चित्र मोबाईलवर पुढे पाठवताना त्याची छाती फुगते. हे दोघे एकमेकांचे कट्टर विरोधक समजले जातात. पण नीट पाहिले तर दोघांचे म्हणणे एकच आहे: जे झाले ते तलवारीने झाले. एकाला त्याचा राग आहे, दुसऱ्याला अभिमान. दोघांनीही दमास्कसच्या वेढ्याची हकीकत शेवटपर्यंत वाचलेली नाही, एवढेच माझे म्हणणे आहे.

काळ हिजरी 14 चा, म्हणजे इ.स. 635. दमास्कस हे बायझंटाईन साम्राज्याचे भरभराटीचे, तटबंदीचे शहर. अवघ्या काही वर्षांपूर्वीपर्यंत ते इराणी सैन्याच्या ताब्यात होते. सम्राट हेराक्लियसने ते परत मिळवले, पण घडी पुरती बसली नव्हती. अरबांकडे तट फोडण्याची मोठी यंत्रे नव्हती. त्यांनी वेशी अडवून धरल्या. पूर्वेच्या दरवाजावर खालिद, पश्चिमेच्या जाबिया दरवाजावर हजरत अबू उबैदा (रजि.), इतर दरवाजांवर अम्र बिन आस, यझीद बिन अबू सुफियान आणि शुरहबील. सम्राटाची मदत वेळेवर पोचली नाही आणि काही महिन्यांनी शहर पडले.

कसे पडले, याबाबत इतिहासकारांत मतभेद आहेत, आणि खरी मेख इथेच आहे. बलाझुरी ज्या वृत्तांताला अधिक विश्वसनीय मानतात त्यानुसार शहराच्या बिशपने खालिदशी बोलणी केली होती. खालिदने लेखी अभय दिले: लोकांचा जीव, मालमत्ता आणि चर्च सुरक्षित राहतील, तट पाडला जाणार नाही, लोकांनी जिझिया द्यावा. इकडे अबू उबैदा जाबिया दरवाजातून लढून आत शिरत होते, तेव्हा बिशपने घाईने पूर्वेचा दरवाजा खालिदसाठी उघडला. तबरींनी दिलेल्या एका वृत्तांतात नेमके उलट आहे. तिथे खालिदचे लोक रात्री दोर टाकून तट चढतात आणि तह अबू उबैदांशी होतो. म्हणजे ज्या तलवारीवरून आपण भांडतो ती कोणत्या दरवाजातून आत आली, हेही ठामपणे सांगता येत नाही.

दोन्ही वृत्तांतांत एक गोष्ट मात्र सारखी आहे. एक फौज लढून आली, दुसरी तह करून, आणि दोघांची गाठ भर शहरात पडली. आता अर्धे शहर जिंकलेले मानायचे की सगळे तहातले? लुटीचा मोह कोणत्या बाजूला असेल हे सांगायला नको. बलाझुरी लिहितात की काहींनी हरकत घेतली: खालिद आता सेनापती नाहीत, त्यांचा शब्द आपल्यावर बंधनकारक कसा? खरोखरच खलिफा हजरत उमर (रजि.) यांनी सेनापतिपद अबू उबैदांकडे दिले होते. सबब तयार होती, कायदेशीरही दिसत होती. अबू उबैदांनी ती नाकारली. मुसलमानांपैकी सर्वात सामान्य माणसाने दिलेले अभयही सर्वांवर बंधनकारक असते, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले आणि तह कायम केला.

माझ्या मते दमास्कसचा खरा विजय हा आहे. तट चढणारे शूर होते, पण तसे शूर बायझंटाईन आणि इराणी सैन्यातही होते. हाताशी विजय आणि तोंडाशी सबब असताना दिलेला शब्द पाळणे अवघड असते. कुरआनात करार पाळण्याची आज्ञा आहे ती अशाच प्रसंगासाठी.

यावर "तलवारवाले" विचारतील, "मग जिझिया काय होता?" तो करच होता, आणि तो देणाऱ्यांचा दर्जा राज्यकर्त्यांच्या बरोबरीचा नव्हता. आजच्या नागरिकत्वाच्या कसोटीवर ती व्यवस्था टिकणार नाही, आणि ती परत आणा असे मी म्हणत नाही. पण तलवारीने धर्म पसरला असता तर पुढची किमान दोन शतके सिरियात बहुसंख्य लोक ख्रिस्ती का राहिले? दमास्कसच्याच मन्सूर घराण्यातले ख्रिस्ती उमय्यांच्या खजिन्याचा कारभार कसे पाहत होते? त्याच घराण्यातल्या दमास्कसच्या योहानाने इस्लामचे खंडन लिहिले, तेही मुसलमानांच्या राज्यात राहून.

आता प्रश्न आपल्या लोकांना. अबू उबैदांनी राखलेला शब्द पुढे कोणी मोडला? खलिफा वलीदने. दमास्कसमधले संत योहानाचे चर्च मशिदीसाठी त्याच्या आधीच्यांनीही मागितले होते. ख्रिस्तींनी नकार दिला तेव्हा ते थांबले. वलीदने पैसे देऊ केले, पुन्हा नकार आला, आणि त्याने चर्च पाडले. आज ज्या उमय्या मशिदीचे फोटो आपण कौतुकाने लावतो, ती त्या जागी उभी आहे. ही गोष्ट आपल्या व्याख्यानांत का येत नाही?

आणि तिचा पुढचा भागही का येत नाही? उमर बिन अब्दुल अझीझ खलिफा झाले तेव्हा ख्रिस्तींनी तक्रार केली. बलाझुरी सांगतात, त्यांनी ती जागा परत करण्याचा हुकूम दिला. दमास्कसचे मुसलमान नाराज झाले. अखेर तडजोड झाली: गूता परिसरातली लढाईत ताब्यात घेतलेली चर्च ख्रिस्तींना परत द्यायची, आणि त्यांनी संत योहानाच्या चर्चवरचा हक्क सोडायचा. ऐंशीहून अधिक वर्षांपूर्वीच्या तहाच्या आधारे हरलेल्यांचे वारस जिंकणाऱ्यांच्या खलिफाकडे दाद मागू शकले, आणि खलिफाने ती ऐकली.

ही सगळी हकीकत, वलीदच्या चुकीसकट, मुसलमान इतिहासकारांनी लिहून ठेवली. त्यांनी ती लपवली नाही, मग आपण का लपवावी? आज आपण या देशात आपल्या मशिदींसाठी जुने कागद, जुने कायदे, दिलेले शब्द पुढे करून न्याय मागतो, आणि तो मागायलाच हवा. पण जो वलीदच्या कृतीचे समर्थन करतो, त्याच्या तोंडी ही मागणी शोभत नाही. अबू उबैदांचा वारसा सांगायचा असेल तर शब्द मोडणारा आपला असला तरी त्याला चूक म्हणावे लागेल. तेवढी हिंमत नसेल तर तलवारीची चित्रे पाठवणे तरी थांबवा.